उदयसिंहाचा खुराक

कुलूप काय उघडंना.

बाळासो पैलवानानं किल्ली घातली, फिरवली, बाहेर काढली, तिच्यावर फुंकर मारली, परत घातली. त्याच्या बोटांत किल्ली दिसतसुद्धा नव्हती. खांद्यावर नातू बसलेला. त्यानं दोन्ही हातांनी आज्याचं कपाळ गच्च धरलेलं. मागं पायरीवर पोरं जमली होती. एकाचं नाक वाहतंय, एकीची एक चप्पल पायात आणि दुसरी हातात. पण सगळी गप. गल्लीत हत्ती आल्यावर पोरं गप होतात तशी.

"उलटी फिरवा की," खालनं आवाज आला.

बाळासोनं खाली बघितलं. त्याच्या गुडघ्याएवढं पोरगं. चड्डीची गुंडी तुटलेली, म्हणून चड्डी एका हातानं धरलेली.

"तू कोण रं?"

"प्रसेनजीत."

"कुणाचा?"

"तानूआईचा नातू. उलटी फिरवा. सगळी पयल्यांदा आशीच चुकत्यात."

किल्ली उलटी फिरली आणि कुलूप खट्कन सुटलं. पोरं पैलवानाच्या दोन पायांच्या मधनं आत पळाली.

दार ठेंगणं होतं. बाळासो वाकला, तरी नातवाचं डोकं चौकटीला लागणार असं दिसल्यावर त्यानं गुडघे मोडले आणि बेडकासारखा आत शिरला. आत गेलेली पोरं फिस्सकन हसली.

बौद्धवाड्यातलं समाजमंदिर होतं ते. अंगणवाडी तिथंच भरायची. पुढच्या भिंतीला कोनाड्यात बुद्धाची मूर्ती, तिच्या खाली खडूनं काढलेला आंबा, मासा, एसटी. कोपऱ्यात सतरंजीची गुंडाळी. सगळा जन्म ह्याच गावात गेला, पण बाळासो ह्या खोलीत कधी शिरला नव्हता. आपल्या शेताची वाट तिकडनं जात नाही, असं तो सांगायचा. वाट खरं तर तिकडनंच जायची. तो वळसा घालायचा.

आज वळसा घालता आला नाही, कारण किल्ली त्याच्या घरात आली होती.

ही किल्लीची पद्धत निशाबाईची. ती अंगणवाडीची बाई झाली तेव्हा गावातल्या बायका पोरं दारात सोडायच्या आणि शेतात भांगलायला निघून जायच्या. पालकांची सभा बोलावली की निशा आणि मदतनीस तानूबाई, दोघीच एकमेकींची तोंडं बघत बसायच्या. मग निशानं डोकं चालवलं. नदीवरच्या पाण्याच्या मोटारीची किल्ली कशी घरोघर फिरते? आपलं पाणी पाजून झालं की पुढच्याच्या हातात द्यायची. माणूस तापानं फणफणला असला तरी घोंगडं पांघरून मळ्यात जातो, पण पाण्याची पाळी सोडत नाही. तसंच तिनं अंगणवाडीच्या कुलपाचं केलं. रोज संध्याकाळी किल्ली पुढच्या घरात. त्या घरच्या माणसानं सकाळी पोरं गोळा करायची, दार उघडायचं आणि पोरांची जेवणं होईस्तवर तिथंच बसायचं. आलं नाही तर कुलूप तसंच लटकणार, आणि कुणामुळं लटकलंय ते सगळ्या गावाला दिसणार. आजवर एकदाही लटकलं नव्हतं.

काल दिवेलागणीला शेजारच्या धोंडुबाईनं किल्ली आणून बाळासोच्या हातावर ठेवली.

"सून बाळंतपणाला शिरोळला गेलीया," तो म्हणाला. "पोरगा बिद्रीला कारखान्यावर. घरात हाय कोण?"

"तुमी कोण हायसा मग?" धोंडुबाई म्हणाली आणि गेली.

निशा आली ती दारातच थांबली. खांद्यावरची पिशवी तिनं ह्या हातातनं त्या हातात घेतली.

"आबा? तुमी आलासा व्हय?"

"किल्ली आमच्यात हुती."

"व्हय की. बसा."

बसायचं कुठं? पोरांनी सतरंजी अंथरली होती आणि त्या सतरंजीवर पैलवानाची एक मांडीसुद्धा मावली नसती. तो भिंतीला पाठ लावून जमिनीवरच बसला. नातवाला मांडीत घेतलं.

मागच्या पडवीत तानूबाई स्टोव्हला पंप मारत होती. तिनं तिथनंच मान बाहेर काढली.

"पैलवान येणार म्हणून सांगायचं न्हाय व्हय गं निशा? एक भिंत सरकवून ठिवली असती की मी."

बाळासो हसला नाही. तो नुसता किल्लीसाठी आला नव्हता.

आठवड्यापूर्वी निशानं त्याच्या सुनंला सांगितलं होतं, तुमच्या उदयसिंहाचं वजन वाढत नाही, तक्त्यावरचा ठिपका खालच्या पट्ट्यात चाललाय. ती गोष्ट सुनंनं घरात सांगितली आणि बाळासोनं गल्लीत उभं राहून सगळ्या गावाला ऐकवलं. माझ्या घरात? पैलवानाच्या घरात उपाशी पोरगं? ज्या घरात दोन म्हशी दूध देत्यात त्या घरात? काटाच खोटा आहे, म्हणाला. एकदा किल्लीची पाळी करतो, गावाला खोटा काटा दाखवतो आणि त्याच दिवशी पोराचं नाव काढून टाकतो. कागलच्या इंग्लिश मिडीयमची व्हॅन दारापर्यंत येते.

सून तेजस्वी, सासऱ्यापुढं कधी तोंड वर करून बोललेली नव्हती. काल शिरोळच्या गाडीत बसताना तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "मामा, तेवढं नाव काढू नकासा." लग्नानंतर तिनं घरात मागितलेलं ते पहिलंच. बाळासोनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं.

"तुझा त्यो काटा काढ," तो आता निशाला म्हणाला.

"आज वजनाचा दिवस न्हाय, आबा."

"पोरांचं न्हवं गं. काट्याचंच वजन करायचंय."

त्यानं धोतराच्या सोग्यात गुंडाळून आणलेलं पाच किलोचं लोखंडी माप बाहेर काढलं. वाण्याच्या दुकानातनं सकाळी सकाळी मागून आणलेलं. जमिनीवर ठेवलं तसा धप्प आवाज झाला आणि पोरं हरखून गेली.

"मापाचं वजन! मापाचं वजन करणार!"

निशानं काटा आढ्याच्या हुकाला अडकवला, खाली पोरं बसवायची झोळी बांधली. बाळासोनं माप उचलून झोळीत ठेवलं. पोरं भोवतीनं कोंडाळं करून उभी राहिली, माना वर. काट्याची सुई हलली, पुढं गेली, मागं आली. थरथरली. आणि पाचावर उभी राहिली.

बाळासोनं माप काढलं. झोळी झटकली. परत ठेवलं.

पाच.

"आबा," प्रसेनजीतनं विचारलं, "ह्ये माप बी बारीकच निगालं व्हय?"

तानूबाईच्या बाजूनं खोकल्यासारखा आवाज आला. तो खोकला नव्हता.

बाळासोनं माप पुन्हा सोग्यात गुंडाळलं, जपून, जसं काही ते फुटणार होतं. मग भिंतीशी जाऊन बसला. काटा खरा होता. पण म्हणून काय झालं? काटा वजन सांगतो. खुराकातलं काट्याला काय कळतंय?

आणि उदयसिंहाच्या खुराकात काडीची कसर नव्हती. पहाटे म्हशीच्या कासंखाली लोटा धरायचा, फेस विरायच्या आत पोराच्या तोंडाला लावायचा. मग सहाणेवर उगाळलेले बदाम, त्यात तूप. दुपारी परत दूध. संध्याकाळी थंडाई. पोरगं तोंड मिटायचं, मान फिरवायचं. सून हात धरायची, आज्या नाक दाबायचा, तोंड उघडलं की घोट आत. बाळासो स्वतः असाच वाढला होता आणि खासबागच्या मैदानात त्यानं भलेभले पाठीवर पाडले होते. भाकरी-कालवण हे हमालाचं खाणं. पैलवान दुधावर होतो. पोरगं पांढरं दिसतं असं कुणी म्हटलं की तो म्हणायचा, गोरं हाय, आज्जीवर गेलंय. चालत का न्हाय म्हटलं की म्हणायचा, घोडा दारात असताना चालायचं कशाला?

आज मात्र घोटाळा झाला होता. सून नाही म्हणून म्हशीचा पान्हाच उतरंना. तिच्या हाताची सवय. बाळासोनं कास थोपटली, पेंड पुढं ठेवली, शिव्या घातल्या. म्हशीनं दूध चोरून धरलं ते धरलंच. दुसरी म्हैस गाभण. तेवढ्यात पोरं गोळा करायची वेळ झाली. उदयसिंह, जन्मल्यापासून पहिल्यांदा, अनशापोटी घराबाहेर पडला होता.

"लवकर आटप काय त्ये," बाळासो निशाला म्हणाला. "पोरगं सकाळधरनं उपाशी हाय. घरला न्हेतो. म्हस आता तरी सोडंल."

"थांबा की. खिचडी होतीयाच."

"आमचं पोरगं हितलं खात न्हाय."

पडवीतला स्टोव्ह भुरभुरत होता. तानूबाई तिथनंच म्हणाली, "ठावं हाय." आणि डाळ निवडायला लागली. तिच्या आवाजात काहीच नव्हतं, रागसुद्धा नव्हता, आणि बाळासोला ते ऐकून उगीच नाकावर माशी बसल्यासारखं झालं.

निशानं पोरांना अंगणात काढलं. सगळ्यांनी गोल पळायचं, टाळी वाजली की मटकन बसायचं. जो उभा राहील तो बाद. साधा खेळ. उदयसिंह आज्याच्या खांद्यावर चढायला हात वर करून उभा होता, पण आज्याच्या मनात काय आलं कुणास ठाऊक, त्यानं त्याला खाली सोडलं.

"जा. पळ."

पोरगं बघत राहिलं. मग एका मुलीनं त्याचा हात ओढला आणि ते पळायला लागलं.

बाळासो पायरीवर बसून बघत होता. आधी पाय बघितले. पैलवान आधी पायच बघतो. पाय बरे होते, लांब होते, घरातलेच होते. अर्धा गोल झाला. टाळी वाजली नव्हती, पण उदयसिंह खाली बसला.

"उदू आदीच बसला! उदू आदीच बसला!" पोरं ओरडली. त्यांना वाटलं, ही त्याची युक्ती.

बाळासोलाही क्षणभर तसंच वाटलं. मग त्यानं पोराची छाती बघितली.

कुस्ती सुरू होताना दोघं एकमेकांच्या मानेवर हात टाकतात. बघणाऱ्याला वाटतं ताकद लावलीय. ताकद नाही, कान लावलेला असतो. समोरच्याचा दम कुठनं येतोय, पोटातनं की नुसता गळ्यातनं, हे तिथं कळतं. बाळासोनं ऐन उमेदीत दिसायला डोंगराएवढे गडी मानेवर हात ठेवूनच ओळखले होते. अंगावर तकाकी, बाहेरनं लोखंड, आणि आत दम नाही. असा गडी दिसला की तो घाई करायचा नाही. नुसता वेळ काढायचा. गडी आपोआप पडायचा.

उदयसिंहाच्या गळ्याखालची खळी आत-बाहेर होत होती. नाकपुड्या फुलत होत्या. अर्धा गोल पळालं होतं पोरगं. फक्त अर्धा.

बाळासो उठला. अंगण ओलांडून गेला, उकिडवा बसला आणि पोराच्या पाठीवर तळवा ठेवला. सगळी पाठ तळव्याखाली गेली. आत काहीतरी फडफडत होतं, मुठीत धरलेल्या चिमणीसारखं. मग त्यानं अंगठ्यानं पोराच्या डोळ्याची खालची पापणी ओढली. आजारी रेडकाची बघतात तशी. आत लाल दिसायला पाहिजे. पांढरं होतं. कागदासारखं.

रेडकाचं असं दिसलं असतं तर त्यानं त्याच घटकेला जनावरांच्या डॉक्टरला बोलावणं धाडलं असतं.

निशानं हे बघितलं. ती वळली आणि नाक वाहणाऱ्या पोराचं नाक पुसायला लागली. ते तिनं नुकतंच पुसलं होतं.

"दूध कमी पडतंय काय गं?" बाळासोनं विचारलं. तिच्याकडं न बघता विचारलं.

"त्येला भूक कवा लागती, आबा?"

"भूक?" तो ताठ झाला. "आमच्यात भूक लागायची पाळीच येत न्हाय. लागायच्या आत दिलेलं आसतंय."

अंगणात पोरांचा कालवा चालला होता, आणि ते वाक्य तेवढ्या कालव्यात एकटंच उभं राहिल्यासारखं झालं. बाळासोनं एकदा मान हलवली, कानात पाणी गेल्यावर हलवतात तशी.

मग फोडणी पडली.

तेलात मोहरी तडतडली, लसूण पडला, हळद पडली. वास पडवीतनं अंगणात आला. पोरांना कुणी हाक मारली नाही. सगळी आपोआप नळाकडं गेली आणि ओळीत उभी राहिली. पुढच्यानं मागच्याच्या हातावर पाणी घालायचं, मागच्यानं त्याच्या मागच्याच्या. एक प्लॅस्टिकचा मग, तो ओळीतनं सरकत येत होता. पहिल्या पोराच्या हातावर पाणी घालायला शेवटचं पोरगं पळत पुढं आलं. कोण कुणाच्या घरचं, कुठल्या गल्लीचं, ह्याचा मगाला पत्ता नव्हता.

प्रसेनजीतनं उदयसिंहाच्या हातावर पाणी घातलं. घालताना त्याला मगासाठी दोन्ही हात लागले, त्यामुळं चड्डी घसरली. त्यानं गुडघे आवळून ती धरली, पण पाण्याची धार मोडली नाही. आता तो मग उदयसिंहाच्या हातात आला.

बाळासो पुढं झाला. पोरगं पाडणार, अंगावर घेणार. घरात ह्यानं कधी पेला धरला नव्हता. धरू दिला नव्हता.

उदयसिंहानं जिभेचं टोक बाहेर काढलं. दोन्ही हातांत मग धरला आणि मागच्या मुलीच्या ओंजळीत पाणी सोडलं. हळू. थांबत थांबत. तिनं हात चोळले तेवढा वेळ थांबला, परत सोडलं. एक थेंब बाहेर गेला नाही. मग तिच्या हातात गेला आणि पोरगं मोकळं झालं, जसं काही त्यात विशेष काय नव्हतं.

"ह्ये कुणी शिकीवलं ह्येला?" बाळासोनं विचारलं. आवाज त्याचा नेहमीचा नव्हता. गल्लीच्या त्या टोकाला ऐकू जाणारा माणूस, आणि आता शेजारच्या निशाला पुढं वाकावं लागलं.

"कुणी न्हाय. म्होरचं बगून करत्यात."

पोरं आत जाऊन ओळीनं बसली. रोज उदयसिंह ओळीत नसायचा. भिंतीशी, एकटा, घरनं आलेली दुधाची बाटली घेऊन. आज बाटली नव्हती. बाळासो दारात उकिडवा बसला, दोन्ही हात पुढं केले.

"चल रं वाघा. चढ. घरला जाऊ."

वाघ चढला नाही. तो आज्याकडं बघत होता, पण नाक पडवीकडं होतं. नाक वर उचललं होतं, वासराचं असतं तसं. मग तो वळला. पहिल्यांदाच पाठ दाखवली त्यानं त्या पसरलेल्या हातांना.

"हितं बस," प्रसेनजीत सरकला. "ताटली घे. न्हवं, ती न्हवं, तिला भोक हाय."

उदयसिंह बसला. ताटली पुढं ठेवली.

तानूबाई पातेलं घेऊन आली. एका हातानं पदर खोचलेला, दुसऱ्या हातात पळी. एकेकाला वाढत पुढं सरकत होती. हिला थोडं, त्याला ज्यादा, ह्याला मिरची काढून. सगळ्यांचं पोट तिला पाठ होतं. उदयसिंहापाशी आली आणि पुढं गेली. मुद्दाम नाही. त्याच्यासमोर थांबायची तिच्या हाताला सवयच नव्हती.

उदयसिंहाची ताटली कोरी राहिली. त्यानं तिच्याकडं बघितलं. शेजारच्या ताटलीकडं बघितलं, तिथनं वाफ निघत होती. परत आपल्या ताटलीकडं. रडला नाही. फक्त बघत होता, आणि त्याच्या गळ्यात काहीतरी खाली-वर झालं.

बाळासो दाराशी उठून उभा राहिला. पोरगं आवंढा गिळत होतं. भूक लागली होती त्याला. ह्या तोंडाशी त्यानं किती झटापट केली होती, नाक दाबून, हात धरून, रोज, सकाळ-संध्याकाळ, आणि त्या तोंडाला अशी नुसत्या वासानं लाळ सुटलेली त्यानं कधी बघितली नव्हती.

प्रसेनजीतनं आपल्या ताटलीतली मूठभर खिचडी उचलली आणि उदयसिंहाच्या ताटलीत टाकली. निम्मी सतरंजीवर सांडली.

"खा. गरम हाय, फुंकर घाल."

उदयसिंहानं फुंकर घातली. मग हात घातला. पाची बोटं, सगळा तळवा. मूठ तोंडाशी नेली. थोडी तोंडात गेली, थोडी हनुवटीला, थोडी शर्टावर. आणि जबडा हलायला लागला.

बाळासो दारातच खाली बसला. एवढा मोठा देह, भिंतीला धरून हळूहळू खाली आला.

पोरगं चावत होतं. गालाचा तो बारीक स्नायू, कानाच्या पुढं, उठत होता आणि बसत होता. बाळासोला माणसाच्या अंगातला एकूण एक स्नायू ठाऊक होता, कुठला कधी ताणतो, कुठला कधी सोडतो, पण हा त्यानं आपल्या नातवाच्या चेहऱ्यावर आजवर बघितलाच नव्हता. दुधाला तो लागत नाही. पोरगं एक घास गिळायचं आणि गिळता गिळता डोळे मोठे करायचं, जसं पोटात काय चाललंय ते त्याला दिसत होतं. मग परत हात. कुणी धरलेला नाही, कुणी दाबलेला नाही. हात आपण होऊन जात होता आणि तोंड आपण होऊन उघडत होतं. खासबागेत हजारो माणसं एकदम उठून ओरडताना बाळासोनं ऐकली होती. तेव्हासुद्धा अंगावर असा काटा आला नव्हता.

सांडलेली शितं पोरानं सतरंजीवरनं एकेक वेचली. ताटली बोटानं पुसली. बोट चाटलं.

मग त्यानं ताटली उचलली. दोन्ही हातांनी, डोक्याच्या वर.

"मला," तो म्हणाला.

तानूबाई ओळीच्या शेवटी पोचली होती. वळली. पळी पातेल्यात बुडालेली. तिनं ताटलीकडं बघितलं आणि मग दाराकडं, पैलवानाकडं. पळी वर आली आणि मध्येच थांबली. खिचडीचा एक थेंब तिच्या टोकाला लोंबत होता. निशाच्या हातातला पाण्याचा तांब्याही तिथंच थांबला. पोरांना काय, ती खात होती.

"मला," उदयसिंह परत म्हणाला. ह्यावेळी मोठ्यानं. घरचा आवाज होता.

"पैलवान," तानूबाई म्हणाली, "सांगा बाबा काय त्ये. मागनं माज्या दारात येऊन वरडायचं न्हाय."

बाळासो उठला. दोन ढांगांत ओळीपाशी आला. पोरं जरा मागं सरली. तो पुन्हा उकिडवा बसला, तानूबाईच्या समोर, तिच्या पळीच्या खाली, आणि नातवाच्या हातातली ताटली आपल्या हातात घेतली. त्याच्या पंजात ती एवढीशी दिसत होती. त्यानं ती पुढं धरली.

तानूबाईनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. त्यानं ताटलीकडं.

तिनं पळी रिकामी केली. ताटली तिथंच राहिली. तिनं अजून निम्मी घातली. तरी ताटली हलंना.

"पोट बारीक हाय त्येचं," तानूबाई म्हणाली, आता जरा खालच्या आवाजात. "हळूहळू वाडवू की. मी कुटं जातोय?"

तेव्हा कुठं बाळासोनं ताटली पोरासमोर ठेवली. ठेवताना वाकून तिच्यावर फुंकर घातली, एकदा, दोनदा. उदयसिंहानं त्याचा हात बाजूला सारला, आपली फुंकर आपण घातली आणि मूठ भरली.

बाळासो तिथंच बसून राहिला, दोन पोरांच्या मध्ये, गुडघे कानाशी आलेले. निशा त्याच्या मागं येऊन उभी राहिली. तिला आज ना उद्या विचारायलाच हवं होतं.

"आबा," ती म्हणाली, "नावाचं काय करायचं म्हणालासा?"

बाळासोनं मान वळवली नाही. नुसतं एक बोट वर केलं.

"गप," तो म्हणाला. "जेवतंय त्ये."